आत्याशी वाद घालताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू आत्याला गप्प केलंस आणि तुझी आई खूश झाली. मी नाही झालो. "गाण्याने कुणाचं काही होत नसतं गं आत्या, संगीत आहे ते नुसतं," असं तू ठणकावून सांगितलंस आणि पुढच्याच वाक्यात म्हणालीस, की बारावीच्या वर्षी या हेवी मेटल संगीतानेच तुला तारलं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? समोर आत्याऐवजी एखादा बरा वकील असता, तर उलटतपासणी त्याने तिथूनच सुरू केली असती.

मला या संगीतातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. 'भयानक मौत' हे मुंबईतल्या एका बँडचं नाव आहे, हे ऐकून आजीने देवापुढे एक जास्तीची वात लावली. मला तिचीही बाजू पटते. पण खटले मला कळतात, आणि तुझ्या या मेटलवरून झालेले खटले मी आवडीने वाचले आहेत.

रीनोचा खटला घे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात १९८५च्या नाताळच्या तोंडावर दोन तरुण दिवसभर दारू पीत जुडास प्रीस्ट या मेटल बँडची रेकॉर्ड ऐकत बसले, आणि संध्याकाळी दोघांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. एक गेला. दुसरा फार वाईट अवस्थेत वाचला आणि १९८८ मध्ये तोही गेला. मधल्या काळात त्याने मित्राच्या आईला पत्र लिहिलं होतं, की दारूने आणि या संगीताने आम्हाला भुलवलं. पत्रात कारणं दोन होती. दाव्यात प्रतिवादी झाले ते बँड आणि सीबीएस ही रेकॉर्ड कंपनी.

आता यातली कायदेशीर गोम बघ. गाण्याच्या शब्दांवरून नुकसानभरपाई मागायची, तर अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य जपणारी घटनेची पहिली दुरुस्ती आडवी येते. ओझी ऑस्बोर्न या मेटल गायकाविरुद्धचा असाच दावा कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने १९८८ मध्ये फेटाळला होता. त्यामुळे रीनोच्या वादींनी ऐकू येणारे शब्द सोडले आणि ऐकू न येणारे धरले. एका गाण्यात 'डू इट' (करून टाक) असा छुपा आदेश दडवला आहे, असं त्यांचं म्हणणं. छुप्या संदेशाला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण मिळत नाही, हे न्यायाधीश व्हाइटहेड यांनी मान्य केलं आणि खटला उभा राहिला. युक्तिवाद म्हणून मी त्या वकिलांना दाद देतो. १९९० मध्ये ज्युरीशिवाय सुनावणी झाली. ध्वनितज्ज्ञ आले, मानसशास्त्रज्ञ आले, बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याने भर कोर्टात गाऊन दाखवलं. शोधलं तर कशातही काहीही ऐकू येतं, हे पटवायला त्याने आपलीच गाणी उलटी वाजवून त्यातून पेपरमिंटबद्दलचं एक वाक्य काढून दाखवलं. (आणि वादातलं ते गाणं मुळात त्यांचं नव्हतंच. स्पूकी टूथ नावाच्या बँडचं जुनं गाणं त्यांनी १९७८च्या अल्बमात घेतलं होतं.)

निकाल बँडच्या बाजूने लागला. पण तो नीट वाच. न्यायाधीशांना तो आवाज ऐकू आला होता. गायकाने सोडलेला श्वास आणि गिटार यांचा तो योगायोगाने झालेला मेळ आहे, मुद्दाम घातलेला नाही, आणि त्याच्यामुळेच ही दुर्घटना घडली हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी म्हटलं. त्या दोघांच्या आयुष्यात दुसरी कारणं ढिगाने होती. पण 'गाण्याने कुणाचं काही होत नसतं' असं काही त्या निकालाने ठरवलं नाही. 'सिद्ध झालं नाही' आणि 'घडूच शकत नाही' यांतलं अंतर तुमची मंडळी सोयीने विसरतात.

ते विसरलं की नॉर्वेचं काय करणार? १९९२ मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च जळून खाक झालं. पाठोपाठ आणखी चर्च जळली. ऑस्लोतल्या एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणारी ब्लॅक मेटलवाली (हा मेटलचाच एक टोकाचा प्रकार) पोरं, त्यातल्याच एकाने, वर्ग विकर्नेसने, १९९३ मध्ये दुकानाच्या मालकाचा खून केला. हा मालक म्हणजे मेहेम बँडचा गिटारवादक. विकर्नेसला खून आणि जाळपोळ मिळून २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या एका रेकॉर्डच्या कव्हरवर जळलेल्या फान्टॉफ्टचा फोटो होता आणि पहिल्या प्रतींबरोबर सिगरेट लायटर भेट दिला होता. याला 'नुसतं संगीत' म्हणशील? गिटारने आग लावली नाही, कबूल. पण त्या टोळक्यात जो जास्त टोकाचं बोलेल आणि करेल तो मोठा, अशी चढाओढ होती, आणि संगीत त्या चढाओढीचा भाग होतं. हे मान्य केल्याने तुझी बाजू पडत नाही. नाकारलंस, तर पडते.

गाण्यांच्या शब्दांवरून अमेरिकन सिनेटपुढे १९८५ मध्ये झालेल्या सुनावणीबद्दल लिहीत नाही. ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर याची ती साक्ष तूच मला दाखवली होतीस.

राग येतो तो तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम खटला तू वापरलाच नाहीस याचा. अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यातलं वेस्ट मेम्फिस. १९९३ मध्ये तिथे आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले आणि तीन किशोरवयीन मुलांना अटक झाली. ठोस भौतिक पुरावा जवळजवळ नाही, एकाचा तासन्‌तास चौकशी करून घेतलेला आणि तपशिलात चुकणारा कबुलीजबाब, आणि वर काय, तर त्यातला एक मुलगा काळे कपडे घालतो, मेटॅलिका हा मेटल बँड ऐकतो, जादूटोण्याची पुस्तकं वाचतो. एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप. २०११ मध्ये सुटले, तेही गुन्हा कागदोपत्री मान्य करून आणि तोंडाने निर्दोष असल्याचं सांगत, अशा विचित्र तडजोडीवर. १८ वर्षं गेली. माझ्या धंद्यात इतकी लाजिरवाणी प्रकरणं फार नाहीत. आत्याला हे सांगायचं होतंस.

तू पाठवलेला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा २०१५चा अभ्यासही वाचला. आधी राग आणून मग मेटल ऐकवलं तर ऐकणारे भडकत नाहीत, उलट सावरतात, हे छान आहे. पण माणसं ३९, आणि सगळी आधीपासूनच या संगीताची चाहती. ज्याला मुळात आवडतं त्याला बरं वाटलं, एवढंच त्यातून निघतं. जपून वापर.

आणि एक. आत्याने मेटलबद्दल विचारलंच नव्हतं. तिचा आदित्य हल्ली कॉलेजमधून आला की दार लावून हेडफोन घालून बसतो, जेवायला बोलावलं तर नको म्हणतो, म्हणून तिने फोन केला होता. तिला दिसतात ते फक्त हेडफोन, म्हणून ती हेडफोनवर बोलली. तू तिला कलास्वातंत्र्य समजावून सांगितलंस! तो काय ऐकतो हे विचारायला घरात तुझ्याएवढं लायक कुणी नाही. त्याला या आठवड्यात फोन कर. सुरुवात बँडपासूनच कर, मग जेवत का नाहीस ते विचार. मी विचारलं तर तो 'ठीक आहे मामा' म्हणून फोन ठेवेल.

बाकी, ज्याला मीही हरकत घेणार नाही असा मेटलचा एकच परिणाम आहे, तो कानावरचा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांच्या पुढे कान सुरक्षित नाहीत, असं अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था म्हणते. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याच्या कानात कायमचा आवाज बसला आहे. (विसर्जनाला डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा तुझा काका हे ऐकत नाही, तो भाग वेगळा.) कुरिअरने इअरप्लगच्या दोन जोड्या पाठवतोय. एक प्रॅक्टिसला घाल. दुसरी आदित्यची, पुढच्या कार्यक्रमाला त्याला बरोबर ने, तिकिटाचे पैसे मी देतो.

तुझा,
बाबा