‘लेबोरियस’ म्हणजे कष्टाळू? जरा जपून!

महोदय,

कालच्या पुरवणीतल्या इंग्रजी शब्दांच्या सदरात लेबर, टॉइल, ड्रजरी आणि इंडस्ट्री या चौघांना ‘मेहनत’ या एकाच दावणीला बांधलेले पाहिले. त्यावर कडी म्हणजे ‘लेबोरियस = कष्टाळू’! हा अर्थ कुठून आला हे मी लेखकमहाशयांना विचारणार नाही. माझ्याकडच्या जुन्या कोशातही तोच होता.

१९७८ साली एका कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मी मराठी माध्यमातला. कोश उघडून, वळणदार अक्षरात लिहिले की मी ‘लेबोरियस’ तरुण आहे. मुलाखतीत साहेबांनी त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली, कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, ‘‘काम करताना फार धाप लागते का तुम्हाला?’’ शेजारचे दोघे हसले. मला काही कळेना, म्हणून मीही हसलो. नोकरी अर्थातच गेली.

पुढे उमगले, की हा शब्द पूर्वी माणसाला लागायचा, आता कामाला लागतो. मेटाकुटीला आणणारे, रेंगाळणारे काम ते लेबोरियस. माणूस ‘इंडस्ट्रियस’, नाहीतर सरळ ‘हार्डवर्किंग’. ‘इंडस्ट्री’ही कारखान्यांच्या आधी उद्यमशीलताच होती, आपल्या ‘उद्योगा’सारखी. (‘नसते उद्योग’ मात्र इंग्रजांना जमले नाहीत.)

‘टॉइल’ म्हणजे राबणे. ‘ड्रजरी’ म्हणजे रोजची, न संपणारी हमाली. डॉ. जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात कोशकाराला ‘निरुपद्रवी ड्रज’, म्हणजे अशी हमाली करणारा, म्हटले, ते काय मेहनतीचे कौतुक म्हणून? आणि मराठीत तरी सगळे एक आहे का? मेहनत घेतो तो गवई, नाहीतर पैलवान. आईने खस्ता खाल्लेल्या असतात.

त्याच लेखात चर्चिल यांच्या १३ मे १९४०च्या भाषणातले म्हणून ‘रक्त, घाम आणि अश्रू’ छापले आहे. भाषणात गोष्टी चार होत्या. गळाली ती नेमकी ‘टॉइल’! शब्दांच्या सदरातून शब्दच गाळायचा, धन्य आहे.

जाता जाता, शब्दकोड्यात उभा शब्द १४ला घरे पाच होती आणि उत्तर छापले सहा अक्षरी. तासभर खोडरबर झिजवला.

कळावे,
एक निवृत्त कारकून, सांगली