‘ई-२० साठी योग्य’ छापलेल्या कार्बोरेटर किटबद्दल तक्रार

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्कूटरच्या कार्बोरेटर किटमधील सदोष रबरी भाग, आणि ‘घरी बसवलं’ या कारणावरून नाकारलेली वॉरंटी

महोदय,

माझ्याकडे वडिलांनी १९९६ साली घेतलेली टू-स्ट्रोक चेतक आहे. वडील गेल्यापासून तिचं सगळं काम मी नाशिकच्या सिडकोतल्या घराखाली, पार्किंगमध्येच करतो. अंबडच्या कारखान्यात २६ वर्षं फिटर होतो, त्यामुळे पाना आणि बारीक माप घ्यायचा व्हर्निअर दोन्ही हातातले आहेत. क्लच प्लेटा, ब्रेक शू, गिअरच्या वायरी मीच बदलल्या आहेत. ही गाडी कंपनीतून निघणं बंद होऊन वीस वर्षं होत आली. तिला नीट ओळखणारे मेकॅनिक गावात दोन-तीनच उरलेत आणि तेही आता थकलेत. घरी काम करणं हा माझा हट्ट नाही, गाडी चालती ठेवायची तर दुसरा मार्ग नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या संकेतस्थळावरून मी कार्बोरेटर किट मागवलं. किंमत ४८५ रुपये. गावातल्या दुकानात साधं किट १५० रुपयांना मिळत होतं. तिप्पट पैसे मोजले ते आपल्या पाकिटावरच्या एका ओळीसाठी : ‘ई-२० पेट्रोलसाठी योग्य’. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजेच ई-२०, मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि साध्या रबराला फुगवतं. १९९६ च्या गाडीतलं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही, हे ठाऊक असल्यामुळेच मी आपल्या छापील शब्दावर भरवसा ठेवला.

२३ नोव्हेंबरला रविवारी कार्बोरेटर उतरवला. जेट फुंकून साफ केले, जाळी धुतली, फ्लोटची सुई (डबा भरला की पेट्रोल बंद करते ती), झाकणाखालचं पॅकिंग आणि ओ-रिंग (रबरी कडी) आपल्या किटमधले घातले. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. तीन आठवडे काहीच तक्रार नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

१४ डिसेंबरला आईला काळारामाच्या दर्शनाला घेऊन निघालो. आईचं वय ७४. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. उभ्या उभ्या इंजिन घुटमळलं आणि बंद पडलं. किक मारली तर पेट्रोलचा भपकारा आला. वाकून पाहिलं, तर कार्बोरेटरच्या डब्यातून पेट्रोल ठिबकत होतं आणि खाली तापलेला सायलेन्सर. आईला त्या गर्दीत मधेच उतरवावं लागलं. तिचे गुडघे दुखतात, तिला पटकन उतरताही येत नाही. मी पेट्रोलचा कॉक बंद केला. एका रिक्षावाल्या दादांनी गाडी कडेला लोटायला मदत केली. त्या वेळी नुसती एक ठिणगी पुरे होती. तेव्हापासून आई या गाडीवर बसायला तयार नाही. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच.

घरी प्लग काढला तर काळा आणि ओलाचिंब. प्लगशिवाय आठ-दहा किका मारल्या तेव्हा कुठे इंजिनात भरलेलं पेट्रोल बाहेर आलं. कार्बोरेटर उघडला. सुईचं रबरी टोक भिजवलेल्या मटकीसारखं फुगलेलं, ते जिथे टेकतं त्या भोकाच्या कडेचा गोल वळ त्यावर उमटलेला. असं टोक भोक बंद करूच शकत नाही. फ्लोट वर आला तरी पेट्रोल येतच राहणार. पॅकिंग इतकं वाढलं होतं की त्याची भोकं स्क्रूच्या भोकांशी जुळेनात.

दोष रबराचाच आहे ना, हेही मी पडताळून पाहिलं. आपल्या किटमधली एक ओ-रिंग वापरायची उरली होती. ती आणि अंबडमधून आणलेली व्हायटनची (इंधनात टिकणाऱ्या रबराची) तशीच ओ-रिंग, दोन्ही एका बरणीत पंपाच्या पेट्रोलात पाच दिवस झाकून ठेवल्या. सुरुवातीला दोन्हींचं बाहेरचं माप ८.० मिमी होतं. पाच दिवसांनी व्हायटनची ८.१ आणि आपली ९.३ मिमी भरली. दोन्हींचे व्हर्निअर लावून काढलेले फोटो सोबत आहेत.

१५ डिसेंबरला मी ईमेलने तक्रार केली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. पोच आलीच नाही. २२ डिसेंबरला दोन ओळींचं उत्तर आलं, की वाहन जुनं आहे आणि भाग अधिकृत मेकॅनिककडून बसवलेला नाही, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. त्यानंतरच्या माझ्या दोन ईमेलना उत्तर नाही.

हे मला मुळीच मान्य नाही. किट आपण जुन्या स्कूटरसाठीच विकता, नव्या गाडीला ते बसतही नाही. पाकिटात कोणता भाग कुठे बसवायचा याची आकृती आपणच घातली आहे, ती घरी काम करणाऱ्यासाठी नाही तर कुणासाठी? आणि सुई कुणीही बसवली असती तरी रबर फुगलंच असतं. बरणीतल्या ओ-रिंगला तर कुणी कशातच बसवलं नव्हतं.

माझे ४८५ रुपये आणि पाठवणीचा खर्च परत करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या खेपेची किटं विकणं थांबवा आणि ज्यांना ती विकली त्या सर्वांना फोन करून कळवा. बिलं आपल्याकडे आहेत, नंबर आपल्याकडे आहेत. आणि पुढे ‘ई-२० साठी योग्य’ छापणार असाल तर रबर कोणतं आहे तेही पाकिटावर छापा. माझ्यासारखा माणूस ते वाचून ठरवू शकतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दावा दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही.

फुगलेली सुई, पॅकिंग आणि दोन्ही ओ-रिंगा मी जपून ठेवल्या आहेत. तपासायला न्यायच्या असतील तर आपला माणूस पाठवा, पोचपावती घेऊन देईन.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, पाकिटाचे व भागांचे फोटो, ईमेलच्या प्रती