प्रीपेड कार्डावरील ३,६४० रुपये परत न केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : मुदत संपल्याचे कारण देऊन कार्डावरील शिल्लक शून्य केल्याबाबत.

महोदय,

पुण्यातील आपल्या कॉफीहाउसमध्ये मी सहा वर्षे नियमाने येत आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी तिथला खिडकीजवळचा कोपरा मला आवडतो. मार्च २०२४ मध्ये काउंटरवरील आग्रहामुळे मी आपल्या प्रीपेड कार्डात ५,००० रुपये भरले. त्यातील १,३६० रुपये खर्च झाल्यावर आईच्या आजारपणामुळे मला वर्षाहून अधिक काळ कोल्हापुरात राहावे लागले. परतल्यावर कार्ड दिले, तेव्हा शिल्लक शून्य निघाली. मुदत संपण्यापूर्वी मला एकही संदेश आला नव्हता, आणि हेल्पलाइनने अटींकडे बोट दाखवून विषय संपवला.

रक्कम मोठी नाही, परंतु आपण ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेता, अधिक शिल्लक ठेवणाऱ्यास अधिक गुण देता आणि तो पैसा महिनोन्‌महिने स्वतःजवळ ठेवता. हे काम पेढीचे आहे. पैसे घेताना पेढी आणि परत देण्याची वेळ आली की केवळ कॉफीचे दुकान, ही भूमिका मला मान्य नाही.

कॉफीहाउसची वित्तसंस्था होण्यात गैर काही नाही. लंडनमध्ये ते घडलेले आहे : आजचा 'लॉइड्स' हा विमाबाजार एका कॉफीहाउसमधूनच उभा राहिला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसचा उल्लेख १६८८ च्या सुमारास टॉवर स्ट्रीटवर सापडतो आणि १६९१ मध्ये ते लोम्बार्ड स्ट्रीटवर गेले. जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी तिथे जमत. लॉइड स्वतः जहाजांचा विमा देत नसे. तो जागा देई आणि जहाजांच्या खात्रीच्या बातम्या पुरवी. जोखीम घेणारा व्यापारी करारपत्राखाली स्वतःचे नाव लिही आणि जहाज बुडाल्यास स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधील राही. पुढे तिथे माणसांच्या आयुष्यांवर पैजा लागू लागल्या, तेव्हा सचोटीने धंदा करणाऱ्यांनी १७६९ मध्ये वेगळी जागा घेतली. १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड भरले आणि कारभारासाठी समिती निवडली. ज्यांचा पैसा, त्यांचा कारभारावर अधिकार, हे तिथे त्या काळी ठरले. लॉइड्समधील गणवेशधारी सेवकांना आजही 'वेटर' म्हणतात. वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमी आनंद होतो, म्हणूनच आपल्या वागण्याचे अधिक वाईट वाटले.

आपले कार्ड केवळ आपल्याच दुकानांत चालते, त्यामुळे त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या प्रीपेड साधनांसाठी नियम आहेत : शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्षाची मुदत, ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना, आणि मुदतीनंतरही ग्राहकाने मागितल्यास शिल्लक त्याच्या बँक खात्यात परत. कायद्याची सक्ती नसली तरी, लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने इतके पाळायला काय हरकत आहे?

माझे ३,६४० रुपये पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. तसेच कार्डाच्या दर्शनी बाजूस मुदत छापावी आणि ती संपण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला कळवावे. माझ्यासारखे अनेक जण असतील आणि त्यांतील बहुतेक जण इतक्याशा रकमेसाठी पत्र लिहिणार नाहीत. हे गृहीत धरून कोणी नफा कमावू नये. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दाखल करीन.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : पैसे भरल्याची पावती, कार्डाची छायाप्रत आणि हेल्पलाइनशी झालेला पत्रव्यवहार.