स्कॅन नॉर्मल, मग आजार खोटा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नैराश्यावरच्या लेखासोबत मेंदूची दोन चित्रं होती. उपचारांआधीचा काळा-निळा मेंदू आणि बरं झाल्यावरचा पिवळा-तांबडा. लेख उत्तम, तक्रार चित्रांबद्दल आहे. मी एमआरआय सेंटरवर तंत्रज्ञ आहे. अशी चित्रं छापून आली की 'आमच्या मुलाचं डिप्रेशन स्कॅनमध्ये दिसेल ना?' असं विचारणारे फोन येऊ लागतात.

नाही दिसत. मानसोपचारतज्ज्ञ स्कॅन सांगतात तो गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. नैराश्याच्या पेशंटचा रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतो आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. मध्यंतरी एका सासऱ्यांनी रिपोर्ट हातात पडताच काउंटरवरच सुनेला सुनावलं, "बघ, डोक्यात काही निघालं नाही. सगळी थेरं आहेत नुसती." ती फाइल छातीशी धरून उभी. डॉक्टरांना भेटेपर्यंत थांबायचीही त्यांची तयारी नव्हती.

छापलेले रंग मेंदूचे नसतात, संगणकानं दिलेले असतात. अशी चित्रं बहुधा पेट (PET) या वेगळ्या स्कॅनची असतात. त्यात किंचित किरणोत्सारी साखर टोचतात आणि मेंदूचा कुठला भाग ती किती वापरतो, ते मोजतात. संशोधनातली चित्रं बरेचदा अनेक पेशंटची सरासरी काढून बनवलेली असतात. वर्गाच्या सरासरीवरून आपला बंड्या पास की नापास, हे कसं कळणार?

शिवाय 'अंधारलेला मेंदू उजळला' ही गोष्टही अर्धीच खरी. मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटानं १९९९ मध्ये दाखवलं, की फ्लुओक्झेटिन या नैराश्यावरच्या औषधानं बरं वाटलेल्या पेशंटमध्ये कपाळामागच्या काही भागांचं काम वाढलं, पण खोलवरच्या 'एरिया २५' या भागाचं कमी झालं. म्हणजे तिथे बरं होणं म्हणजे विझणं! याच भागात तारा बसवून, त्यातून सौम्य वीज सोडून टोरांटोत सहा जणांवर उपचार झाले. कशानंच गुण न आलेले हे पेशंट, आणि २००५ मध्ये त्यातल्या चौघांना चांगला फरक पडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र तसं यश आलं नाही. २००४ च्या एका अभ्यासात तर गोळ्यांनी आणि समुपदेशनानं बरे झालेल्यांच्या मेंदूतले बदल कपाळामागच्या भागात चक्क उलट दिशेचे निघाले.

हे संशोधन मोलाचंच आहे, पण ते निदानाचं यंत्र नव्हे. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी सुमारे अठराशे जणांचे स्कॅन तपासले. एकेका मोजमापावरून पेशंट कोण आणि निरोगी कोण, हे ओळखण्याची अचूकता ५४ ते ५६ टक्के भरली. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतेच. निदान आजही झोप, भूक, कशातच रस न वाटणं, मरणाचे विचार हे विचारूनच होतं.

तेव्हा पुढच्या वेळी चित्राखाली ते किती जणांच्या सरासरीचं आहे, हे छापावं. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चौकटीत द्यावा, तो त्या लेखात कुठेच नव्हता.

आपला,
एक एमआरआय तंत्रज्ञ, मिरज