कराराची रुजवात

रत्नागिरी,
आषाढी एकादशी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी ठरलेली सही मी थांबवली आहे. आपली आंब्याची बाग तीन वर्षांसाठी कराराने घेणाऱ्या गृहस्थांकडून आलेल्या मसुद्यावर तुम्ही सही करणार नाही, करार तुमच्या मूळ मसुद्याप्रमाणेच होईल, असे मी त्यांना तुमच्या वतीने कळवून टाकले. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु काल दिवसभर तुमचा फोन लागत नव्हता आणि ते करार स्टॅम्पपेपरवर छापायला देणार होते. एकदा छापून आले की भिडेखातर सही होते, हे अप्पाकाकांच्या वेळी आपण पाहिले आहे. रात्री फोन लागला तेव्हा सही थांबवली एवढेच बोलले, बाकीचे इथे लिहिते, कारण तुम्हाला कागदावर वाचलेलेच पटते.

तुम्ही दोनदा वाचून "जसाच्या तसा आहे" म्हणालात, आणि माझाही त्यावर विश्वास बसला होता. तरी दोन्ही फाइली माझ्याकडे होत्या, म्हणून वर्डमध्ये त्या ताडून पाहिल्या. रिव्ह्यू या भागात कंपेअर नावाची सोय आहे. तिला मूळ मसुदा कोणता आणि बदललेला कोणता एवढे सांगायचे. मग ती दोन्हींत एकाच क्रमाने येणारा मजकूर जुळवून घेते आणि जो जुळत नाही तो तिसऱ्या, वेगळ्या फाइलीत दाखवते. गळलेल्या शब्दांवर काट आणि नव्याने आलेल्या शब्दांखाली रेघ असते, मूळ दोन्ही फाइलींना धक्का लागत नाही. त्यांच्या फाइलीत एकही खूण नव्हती, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. पण खुणा उमटतात त्या बदल करताना ट्रॅक चेंजेस चालू ठेवले तरच. ते बंद असेल तर काहीही बदलले तरी कागद कोरा करकरीत दिसतो.

पहिल्या खेपेस मात्र पानेच्या पाने लाल झाली आणि मी घाबरले. तुमचा मसुदा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. त्यात पडद्यावर मराठी अक्षर दिसले तरी आत साठवलेले असते ते रोमन अक्षर, आणि त्यांची फाइल मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये असल्याने संगणकाच्या लेखी एकही शब्द जुळेना. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर ३८ खुणा उरल्या. त्यांपैकी ३१ निव्वळ भास होता. "लिहून घेणाऱ्याने" आणि "लिहून देणाऱ्याने" यांतला ऱ्या संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणक त्याला बदल समजतो. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, तेही योग्यच. मोकळ्या जागा आणि अक्षरांची जाडी यांकडे दुर्लक्ष करायला मी सांगितले होते, तळटिपा आणि तक्ते यांकडे मात्र मुद्दाम नाही, कारण तिथला बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

उरले तीन. चौथ्या कलमात तुम्ही "मालकाच्या लेखी संमतीवाचून कल्टार घालू नये" असे लिहिले होते, तिथे आता "मालकास कळवून कल्टार घालावे" असे आहे. सातव्यात विहिरीचे पाणी "घरच्या वापरास पुरून उरल्यास" द्यायचे होते, ते आता "गरजेप्रमाणे" झाले आहे. आणि तीन वर्षांनंतरची मुदतवाढ "उभयतांच्या संमतीने" होती, त्यातला "उभयतांच्या" हा शब्दच गेला आहे. रक्कम, हप्ते, ६२ कलमांची मोजणी, सारे अचूक आहे, आणि आपण सगळे पहिल्यांदा तेच पाहतो.

यातला पहिला बदल मला सहन झाला नाही. कल्टार या औषधाने पालवीची वाढ रोखली जाते आणि मोहोर लवकर येतो, हे मला तुम्हीच शिकवलेत; तीन वर्षांसाठी बाग घेणारा ते वर्षानुवर्षे हात सैल सोडून घालू लागला, तर चौथ्या वर्षी खुंटलेली, दमलेली झाडे आपल्या पदरी येतील. मुळाशी कल्टार घालण्याचे दिवस आता तोंडावर आहेत, म्हणूनही मी थांबले नाही. हे बदल त्यांनी जाणून केले की टंकणाऱ्याने जुना नमुना पुढे ठेवला, ते कंपेअर सांगू शकत नाही. म्हणून मी त्यांना दोष दिला नाही, फक्त तिन्ही जागा दाखवल्या.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे हे निसटले असे कृपा करून मनात आणू नका. स्वतः लिहिलेला मजकूर वाचताना डोळा पुढे धावतो आणि मन आठवणीतला शब्द तिथे ठेवते, चांगल्या मुद्रितशोधकांचेही असेच होते. तुम्ही तर एकट्याने कधी रुजवात, म्हणजे नकलेचा मूळ प्रतीशी ताळा, घेतलीच नाही. नक्कल विभागातून घरी आणलेले कागद आई कंदिलापाशी मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून, तुमची तांबडी पेन्सिल दुसऱ्या प्रतीवरून सरकायची आणि मी दोघांच्या मध्ये बसून आईचा आवाज थांबेल त्या जागी बोट ठेवायची. पुढे तिथेच झोप लागायची. काल पडद्यावरच्या तांबड्या खुणा पाहताना तीच पेन्सिल आठवत होती.

बयाणा लांबल्याची काळजी करू नका. इन्व्हर्टरची बॅटरी मी सांगितली आहे, ती बुधवारी बसेल. पडवीवरची कौले चाळायला माणूस येईल, त्याचे पैसे मी दिले आहेत. आई, तुझ्या गुडघ्याचे तेल आणि बाबांच्या गोळ्या सोबत पाठवल्या आहेत. आज उपास असला तरी बाबांनी गोळी चुकवायची नाही आणि नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढायचा नाही, वरीचे तांदूळही खायचे. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, तिकडे दोघांनीही जायचे नाही. यापुढे कोणीही कागद आणला तर छापील प्रतीवर भागवायचे नाही, फाइल मागायची आणि ती मला पाठवायची. आणि ते गृहस्थ घरी आले तर चहा द्यावा, सहीचे मात्र मी आल्यावर पाहू म्हणावे.

मी शनिवारी येते आहे. तिन्ही जागा पूर्ववत केलेली प्रत छापून आणीन. आई, तू वाच. बाबा पेन्सिल धरतील. मी मध्ये बसेन.

तुमची,
बाय