मिगच्या काचेसाठी मनापासून थँक्यू, काका

काका, नमस्कार.

तुम्ही फोनवर "आभार कसले, काम होतं ते केलं" म्हणालात आणि तेवढ्यात कुठल्यातरी डॉक्टरांचा फोन आला म्हणून ठेवून दिलात, त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण चार लोकांनी वाचावं असं वाटतं, त्यातल्या दोघातिघांनी तर नक्कीच.

आधी त्यांचंच उरकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. ज्या दुकानातून विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट घेतलं त्याने सीलबंद खोका म्हणून पूर्ण पैसे घेतले आणि आत मिग-१५ या रशियन लढाऊ विमानाची कॅनपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक काच, आडवी तडकलेली. फोटो पाठवले तर म्हणे "खोका उघडलात ना, मग रिटर्न नाही." अहो, खोका उघडल्याशिवाय आतली काच तडकलीये हे मला कळणार कसं, एक्स-रे काढू? परदेशातल्या कंपनीला मेल केला, तर भारतात सुटे पार्ट पाठवत नाही, तुमच्या डीलरशी बोला. डीलर म्हणजे हाच! आणि आमच्या मॉडेल करणाऱ्यांतले जे सीनियर म्हणवतात, ज्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय आम्ही, त्यातले एकजण म्हणाले नवीन किट घे, दुसरे म्हणाले काच आतून काळी रंगवून टाक, कोण बघतंय.

ते "कोण बघतंय" मला फार लागलं. का लागलं ते त्या दिवशी तुमच्या दातांच्या लॅबमध्ये नीट सांगता आलं नाही, तुमच्या हातात कुणाचा तरी दातांचा ब्रिज होता आणि मी दारात उभा राहून बडबडत होतो, तर आता सांगतो.

आपल्या नाशिकच्या माणसाला मिग म्हटलं की ओझरचा विमान कारखाना आणि मिग-२१ च आठवणार, साहजिक आहे, इथल्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या. हे १५ त्याच्या बरंच आधीचं, ३० डिसेंबर १९४७ ला पहिल्यांदा उडालेलं. रशियन लोकांकडे मागे झुकवलेल्या पंखांचं डिझाइन होतं, त्याला शोभेल असं इंजिन नव्हतं, ते चक्क ब्रिटिशांनी विकलं, रोल्स-रॉइसचं नीन. रशियनांनी त्याची कॉपी मारली, पुढे सुधारली, आणि १९५० च्या नोव्हेंबरात तेच इंजिन पोटात घेऊन ही विमानं कोरियाच्या आकाशात ब्रिटिशांच्याच दोस्तांवर चालून गेली. व्यवहार कसा करू नये याचं याहून भारी उदाहरण मला तरी माहीत नाही (माझं किट सोडून).

मी करतोय ते त्यातलं एक ठरावीक विमान आहे, लाल रंगात २०५७ आकडा असलेलं. उत्तर कोरियाचा नो कुम-सोक नावाचा एकवीस वर्षांचा पायलट २१ सप्टेंबर १९५३ ला हे घेऊन दक्षिणेत पळाला आणि किम्पो विमानतळाच्या धावपट्टीवर चुकीच्या टोकाकडून उतरला, समोरून अमेरिकन सेबर लढाऊ विमान उतरत असताना! धडक थोडक्यात चुकली. मिग आणून देणाऱ्याला अमेरिकेने एक लाख डॉलर जाहीर केलेले, पण याला त्याचा पत्ताच नव्हता, त्याला फक्त तिथून निघायचं होतं. ते विमान आजही अमेरिकेत ओहायोमधल्या डेटनच्या म्युझियममध्ये उभं आहे.

आता ४८ पट लहान केलं की हे दहा मीटरचं विमान साधारण एकवीस सेंटिमीटर होतं, आणि त्याची सगळी मजा कॉकपिटमध्ये. बाहेरून काय, सिगारसारखी चंदेरी नळी, पुढे तोंड उघडं. आत मात्र राखाडी पॅनेलवर मधोमध वरून खाली एक पांढरा पट्टा असतो. विमान गरगरत खाली जायला लागलं की पायलटने कंट्रोलची दांडी त्या पट्ट्याच्या रेषेत सरळ पुढे ढकलायची, बस, तेवढ्यासाठी तो पट्टा. गरगरताना माणसाला मधलं काय आणि बाजूचं काय हे कळत नाही म्हणून. तो पट्टा मी भिंग लावून, श्वास रोखून ओढला होता. आणि हे साहेब सांगतात काच काळी कर.

तुमच्याकडे येण्याची आयडिया भाचीमुळे आली. तिचा तो पारदर्शक रिटेनर जेवणाच्या टेबलावर पडलेला, सगळे ओरडतायत उचल म्हणून, आणि मी तो दिव्यासमोर धरून बघत बसलो. दातांवर इतका नेमका बसणारा पारदर्शक तुकडा कुणीतरी आपल्याच गावात रोज बनवतं! तिच्या डॉक्टरांनी तुमच्या लॅबचा पत्ता दिला, हसतच दिला.

तुम्ही हसला नाहीत. तडकलेली काच चष्मा वर सरकवून पाहिलीत, बोटाने कडेचा उतार चाचपलात, मग टेबलाच्या खणातून तुमचं नेहमीचं छापील जॉब कार्ड काढलंत, तेच जे प्रत्येक कवळीला, प्रत्येक कॅपला लागतं, आणि भरायला बसलात. डॉक्टर: रेघ. पेशंट: मिग १५. मग मला विचारलंत "वय काय?" मी म्हटलं १९५३ चं विमान आहे, ते लिहिलंत. शेडच्या रकान्यात "क्लिअर". डिलिव्हरी बुधवार. कार्ड आणि काच एका निळ्या ट्रेमध्ये ठेवून तो ट्रे रॅकवर बाकीच्यांच्या रांगेत सरकवलात, एका बाजूला कुणाचा तरी वरचा जबडा, दुसऱ्या बाजूला दाढेची कॅप, मध्ये माझं मिग.

काका, काच तर तुम्ही सुंदरच केलीत, पण मला विचाराल तर माझं काम त्या कार्डावरच झालं होतं. तोपर्यंत जिथे गेलो तिथे आधी "अच्छा, खेळणं का" हे ऐकून घ्यायचं आणि मग नकार. तुमच्याकडे ते दहाव्या मिनिटाला केस झालं. नंबर लागला त्याचा.

बुधवारी काच तयार होती. साच्याच्या प्लॅस्टरवरून तुम्ही पारदर्शक प्लॅस्टिक शीटच्या जाडीइतका थर आधीच घासून काढला होतात, का तर शीट वरून बसली की माप वाढतं आणि कडा विमानाच्या अंगाला लागत नाहीत. हे मी सांगितलं नव्हतं, मला सुचलंही नसतं. सरकती काच थोडी मागे ओढून ठेवायची होती, तशीच बसली, फट नाही, धूसरपणा नाही. तुमच्याकडचा तो शिकाऊ पोरगा वाकून आत बघत होता आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ती पांढरी लाइन कसली?"

बघतात हो लोक!

पैसे घेतलेत तेही बरं केलंत. एका रिटेनरचा जो रेट तोच लावलात. "राहू दे, हौसेचं काम आहे" म्हणाला असतात तर मी ओशाळलो असतो आणि पुन्हा पायरी चढलो नसतो. जास्त मागितले असतेत तरी मी दिले असते, ते तुम्हाला कळत होतं आणि तरी मागितले नाहीत. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, कुणीतरी कुणासाठी धावून जाणं असं आपल्याला वाटतं, पण मला हल्ली वाटतं की समोरचा जे घेऊन आलाय ते न हसता हातात घेणं एवढंही फार कमी लोकांना जमतं. बँकेत, दवाखान्यात, दुकानात कुठेही बघा, माणसाचं काम ऐकायच्या आधीच चेहऱ्यावर "हे काय आणलं आता" असतं. तुमच्या लॅबमध्ये एसी नाही, भिंतीला प्लॅस्टरची धूळ, खुर्ची एकच आणि तीही मोडकी, पण तो चेहरा तिथे दिसला नाही.

बरं, विमान आता जवळपास झालंय. नाकात शिसं भरून झालं, नाहीतर हे शेपटीवरच बसतं, आणि हवा घ्यायची वाट कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी गेल्यामुळे शिसं कोंबायला जागा म्हणाल तर अगदी नावाला. आकडे चिकटवायचे तेवढे राहिलेत. रविवारी घेऊन येतो, तुम्ही आणि त्या पोराने नीट बघा, हातात घेऊन बघा.

आणि येताना एक नवीन काम पण आणतोय, आधीच सांगून ठेवतो. याच मिगचं दोन सीटचं ट्रेनिंगचं व्हर्जन, ज्यात २७ मार्च १९६८ ला अंतराळवीर गागारिन अपघातात गेला. त्याची काच बरीच लांब आहे, साचा एकात होईल की दोनात ते तुम्हीच बघा. कार्ड भरून ठेवा, पण घाई अजिबात नाही, आधी माणसांचे दात होऊ देत.