डाव्या पानावर लॅटिन

रविवारच्या पुरवणीतील जुन्या ग्रंथांच्या अनुवादावरचा लेख वाचला. ‘अनुवाद असला की मूळ संहितेची गरज उरत नाही’ हे त्यातील विधान मात्र पटले नाही.

मध्ययुगीन इतिहासकार ऑर्डेरिक व्हिटॅलिसचेच उदाहरण घ्या. १०७५ मध्ये इंग्लंडात श्रूजबरीजवळ जन्मलेल्या या मुलाला दहाव्या वर्षी नॉर्मंडीतल्या मठात धाडले. तिथली भाषाही त्याला कळत नव्हती. पुढे त्याच मठात बसून त्याने लॅटिनमध्ये तेरा भागांचा इतिहास लिहिला. त्यातला बराचसा त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आजही पॅरिसला आहे. हे भाग्य फार थोड्या मध्ययुगीन ग्रंथांच्या वाट्याला येते!

इतिहासकार मार्जोरी चिबनॉल यांनी १९६९ ते १९८० या काळात हा इतिहास सहा खंडांत संपादित केला: डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. ही मांडणी हौसेची नाही. ‘मिलेस’ या एकाच लॅटिन शब्दाचा अर्थ साधा शिपाई की घोडेस्वार सरदार? अनुवादकाला एक पर्याय निवडावाच लागतो, आणि त्या निवडीवर त्या काळच्या समाजरचनेचे आख्खे चित्र बदलू शकते. समोर मूळ शब्द असेल तर अभ्यासक निदान भांडू तरी शकतो.

आपल्या मोडी बखरींच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनीही अशी समोरासमोर पाने द्यावीत. कागद जास्त लागेल, पण लागू दे.

– एक वाचक, पुणे